सांगायचा राहिलेला वास

मोप्याच्या सड्यावरून खाली उतरताना दुसऱ्या वळणावर सुरंगीचा वास गाडीत शिरला, आणि मी गप्प बसलो.

शालन शेजारच्या सीटवर होती. लेकीला विमानतळावर सोडून आम्ही परतत होतो. लेकीसाठी आणलेल्या लाडवांची पिशवी आता रिकामी होऊन तिच्या मांडीवर पडली होती, आणि तिचे दोन्ही हात त्या पिशवीवर होते. बाहेर नुकतं फटफटत होतं. खाली, तिच्या माहेरच्या परसात, सुरंगी फुलली होती. त्या झाडाला आपण फुललो हे सांगायला कुणी लागत नाही. सगळ्या वाड्याला कळतं, वाटेने जाणाऱ्या बसला कळतं. शालनला कळलं नाही. मध्यंतरी तिला एक ताप आला होता. तो गेला, खोकला गेला, अंगातला थकवाही गेला, पण वास काही परत आला नाही. तेव्हापासून आमटी लागली तर मी सांगतो, गॅस राहिला तर मी सांगतो. आमच्या घरातलं नाक म्हणजे मी.

मी काच थोडी खाली घेतली. वासाचा लोट आला.

"थंडी लागता," ती म्हणाली.

मी काच वर केली. एक साधं वाक्य बोलायचं होतं. शालन, सुरंगी फुलली गं. ते तोंडातून निघालं नाही. लिहायला बसलो आहे तर कारणही सरळच लिहितो, बोलायची सवय मला नाही. मला तिचा हेवा वाटतो. माझ्या स्वतःच्या बायकोचा. लग्न झालं तेव्हापासून.

*

लग्नानंतरचा तो पहिला मोसम. शिमग्याच्या आधीचे दिवस, पहाटे गारवा आणि दुपारी काजूच्या बोंडांचा आंबूस वास. मी डिचोलीहून पेडण्याला सासुरवाडीला गेलो होतो, नव्या जावयाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून. परसात सुरंगीचं झाड होतं. काळपट हिरवी दाट पानं, आणि फुलं पानांत नाहीत, थेट फांदीच्या सालीवर चिकटलेली. मोत्यांसारख्या पांढऱ्या कळ्या, आणि फुटली की आतून पिवळा गोंडा. ती सूर्य वर यायच्या आधीच काढावी लागतात. नाहीतर मधमाश्या येतात, त्यांच्या आवाजाने झाडच गुणगुणायला लागतं, मग हात कोण घालणार? सासूबाई खाली जुनं लुगडं पसरायच्या. शालनचा भाऊ बाबल वर चढायचा आणि तांबड्या मुंग्या चावल्या की वरूनच ओरडायचा. त्या मुंग्यांना तिकडे उंबील म्हणतात. बाबल ओरडला की सासूबाई खालून म्हणायच्या, "उंबीलांक गाळी घालू नको, घर त्यांचा आसा."

मग घरभर वास. घागरीतल्या पाण्याला, पेजेला, उशीच्या अभ्र्याला. पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत दारात आला आणि त्याने गरम उंडे दिले, तर त्यांनाही सुरंगीचाच वास. सुरंगीच्या वासातून सुटका नसते.

आणि त्या वासाच्या मधोमध शालन फुलं ओवत बसायची. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, पाटावर, केळीच्या पानावर फुलांचा ढीग घेऊन. देवाचा वळेसर, म्हणजे गजऱ्यासारखा फुलांचा सर, तो ओवायचा. त्याला त्या घरात दोन नियम होते. एक, ओवून होईपर्यंत बोलायचं नाही, हूं सुद्धा नाही. दुसरा, देवाच्या फुलांचा वास घ्यायचा नाही. घेतला की फूल उष्टं झालं. हा दुसरा नियम आमच्याकडेही होताच, सगळ्यांकडे असतो. पण सुरंगीचा वास घ्यायचा नाही म्हणजे काय? मी सासूबाईंना हसत विचारलं होतं, "नाक धरून बसायचं की काय?"

"नाक कित्याक धरूचा?" त्या म्हणाल्या. "वास येता तो येवंदी. आपण घेवंक जाव नये, इतक्याच."

येणारा वास येऊ द्यायचा, आपण घ्यायला जायचं नाही. मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मी शालनकडे बघत होतो. सुई जात होती, फूल सरकत होतं. बाबल ओरडत होता, कोंबडी पायाशी येऊन गेली, समोर मी, नवरा, नवाकोरा, चहाची बशी हातात घेऊन तिने वर बघावं म्हणून खोकत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. रुसलेली नव्हती. लाजलेली नव्हती. दुपारी विहिरीत वाकून बघितलं तर तळाशी पाणी दिसतं ना, वारा न लागलेलं, तसा तो चेहरा होता. सगळं त्यात दिसत होतं आणि कशानेच ते हलत नव्हतं. तिच्यात अशी एक जागा होती, आणि त्या जागेत मी नव्हतो. मला तिथे जागा हवी होती. माझं सगळं मागणं एवढंच, तेव्हा आणि पुढेही.

वळेसर पुरा झाला. तिने तो पानावर ठेवला आणि पाणी आणायला उठली. मी पुढे झालो, तो उचलला, नाकाला लावला आणि छाती भरून वास घेतला.

झाडावरून बाबल खो खो हसला. "आये गे, भावजींनी देवाचो वळेसर खाल्लो!"

सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या पण हसल्या. "जावंय तो. देवान सोसूक जाय." देवाने सोसायला हवं म्हणे. आणि तो वळेसर त्यांनी शालनच्या केसांत माळला.

ती मान खाली घालून हसत होती, आणि मला एक युक्ती कळली. मी वास घेतलेलं देवाला चालत नाही. ते तिच्या केसांत येतं. म्हणजे माझ्याकडे येतं.

*

डिचोलीचं आमचं घर रस्त्याला लागून. तेव्हा खाणींचे ट्रक दिवसभर जायचे, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं नाक लावून. खिडकीची काच थरथरायची, ताटातला चमचा सरकायचा. वाळत घातलेले कपडे तांबडे, फणसाची पानं तांबडी, देव्हाऱ्यातल्या देवाच्या खांद्यावर तांबडी पूड. शालन रोज ओल्या फडक्याने देव पुसायची. मी खाणीच्या कचेरीत होतो. घरी आलो की कानांत ट्रक, जेवताना ट्रक, झोपेत ट्रक.

सुरंगीच्या दिवसांत बाबल ओल्या पानात फुलांची पुडी बांधून पेडण्याच्या बसने म्हापशाला पाठवायचा, तिथून कंडक्टर ती डिचोलीच्या बसमध्ये द्यायचा. आणायला मी जायचो. स्टँडवरून घरी येईपर्यंत मी पुडी उघडायचो आणि वास घ्यायचो. सगळ्या फुलांचा, एकही न सोडता. मग शर्टाच्या खिशात घालून आणायचो आणि दारातून ओरडायचो, "मी वास घेतला हं!"

ती हसायची. केसांत माळायची. आई सोप्यावर बसून सुपारी कातरत म्हणायची, "देवाक काय उरता काय ना, रे?"

पुढच्या मोसमातही हसली. त्याच्या पुढच्या मोसमात ती स्वतःच स्टँडवर गेली. मला काही बोलली नाही. पुडी पदराखाली घेऊन आली, सरळ आतल्या खोलीत गेली आणि देव्हाऱ्यासमोर पाटावर बसली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. लोटलेल्या दारासारखं वाईट काही नाही. लावलेलं दार ठोठावता तरी येतं.

सुरंगी संपली तरी ते बसणं संपलं नाही. मग अबोली, मग जाई, चतुर्थीच्या दिवसांत दूर्वा, काहीच नसलं तर तुळशीची पानं. रोज संध्याकाळी, ट्रकांच्या ऐन गर्दीत. मी बाहेर रेडिओ मोठा करायचो. "शालन, चाय!" अशी हाक मारायचो, चहा नुकताच पिऊन झालेला असताना. लेक लहान होती, तिला चिमटा काढून रडवायचं तेवढं राहिलं होतं. आतून उत्तर यायचं नाही. मग ती बाहेर यायची, हात पुसत, आणि शांतपणे विचारायची, "किदें म्हणत आशिल्लात?" काय म्हणत होतात, या विचारण्यात राग असता तर मी जिंकलो असतो.

एकदा आई म्हणाली, "तुजी बायल देवाक दिल्या, बाबा. तुका फकत वाडूक येता." सगळे हसले, मीही हसलो. पण बायको देवाला दिलेली, मला फक्त जेवण वाढायला येते, हे वाक्य माझ्यात बसलं ते उठलंच नाही. मला देवाचा हेवा वाटला. मग पाटाचा. मग ज्या सुईकडे ती इतका वेळ बघायची त्या सुईचा. आणि शेवटी तिचाच. एवढ्या धुळीत, एवढ्या आवाजात, सासूच्या टोमण्यांत आणि माझ्या हाकांत, हिला कसं जमतं? आणि मला का जमत नाही?

मग एके दिवशी खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले. रस्ता मोकळा झाला, फणसाचं पान पुन्हा हिरवं दिसलं. मला वाटलं, आता आपल्यालाही शांत वाटेल. बाहेरचा आवाज गेला आणि आतला ऐकू यायला लागला, एवढाच फरक. शालन माहेरी गेली होती तेव्हा मी गुपचूप तिच्या पाटावर बसलो. डोळे मिटले. मनात ट्रक सुरू. पुढच्याचा नंबर, मागच्याचा हॉर्न, साहेबाचं बोलणं, त्याला मी द्यायला हवं होतं ते उत्तर. ते उत्तर मी दर वेळी नव्याने, अधिक चांगलं द्यायचो. पाय आखडले, उठलो.

अलीकडे मांद्र्याला समुद्राजवळ एक ध्यानाचं शिबिर होतं, तिथेही जाऊन आलो. घरी सांगितलं, मित्राकडे जातो. ओळीने चटया, चटयांवर परदेशी माणसं, पाठी अशा ताठ की मला त्या पाठींचाही हेवा वाटला. श्वास बघा म्हणाले. मी श्वास बघायला गेलो तर शेजारच्या खानावळीतून तळलेल्या बांगड्याचा वास आला आणि मी त्याच्यामागून गेलो, तो कुठल्या मसाल्याचा, कोकम घातलंय की नाही, इथपर्यंत. चटई मात्र बरोबर घेऊन आलो. शालनने ती उलगडून पाहिली.

"बरी आसा," म्हणाली. "पापड वाळत घालूंक जातली."

*

आता जे लिहायचं ते लिहितो.

तापानंतर एक दिवस ती जाईच्या वेलीखाली उभी होती. फूल नाकाशी नेलं. तोंडावर काही नाही. पुन्हा नेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माका येणा, अहो." येत नाही. लहान मुलीसारखी म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टरांना फोन करतो म्हणालो, सगळं नवऱ्याने म्हणायचं ते म्हणालो. आणि आत, अगदी आत, कुठेतरी बरं वाटलं. वाटलं, आता हिच्याकडेही काहीतरी नाही. आता आपण थोडे सारखे.

ते वाटणं एका श्वासाचंच होतं. पण मी ते ओळखलं, आणि तेव्हापासून मी तिच्यासमोर जेवताना मान वर करत नाही.

आणि नाक गेल्यावरही ती पाटावर बसतेच. तोच चेहरा. आता तर वास येऊ देण्याचाही प्रश्न नाही, तरी पाणी तेवढंच स्थिर. म्हणून मी वळणावर गप्प बसलो. वाटलं, एवढा एक वास माझा असू दे. हिला न मिळालेला, फक्त माझा.

*

गाडी तिच्या माहेरच्या परसात थांबली तेव्हा बाबल झाडाखालीच होता. आता तो चढत नाही, खालून आकडीने फांदी वाकवतो. डोकं पिकलं, आवाज तोच.

"ताये! बरी वेळार आयलंय. बग, झाड भरलां!"

शालन उतरली आणि वर बघत राहिली. फांद्या पांढऱ्या झाल्या होत्या. मग ती हळूच माझ्याकडे वळली.

"तुमका वाटेर वास आयिल्लो?"

"आलेला."

"आनी सांगूंक ना?"

मी गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिलो. बाबल मध्येच म्हणाला, "भावजी गाडी चलयतले काय वास घेतले?" ती पुढे झाली. साडीचा पदर खोचला आणि बाबलबरोबर फुलं काढायला लागली. पदरात कळ्या पडत होत्या, त्यांचा आवाज होत नव्हता. सासूबाई आता नाहीत. पण लुगडं पसरायची ती जागा अजून तशीच सारवलेली होती.

मग ती मागच्या दारी पाटावर बसली. मी समोर, उंबऱ्यावर. सुई जात होती, फूल सरकत होतं. ऊन चढलं तशा मधमाश्या आल्या, झाड गुणगुणू लागलं. सड्याच्या बाजूने एक विमान उठलं आणि डोक्यावरून गेलं, कौलं हलली. कदाचित लेकीचंच असेल. शालनने वर बघितलं नाही. मी बघितलं. विमान दिसेनासं होईपर्यंत बघितलं, आणि खाली बघितलं तर तोच चेहरा. तोच हेवा पुन्हा वर आला, लग्नाच्या पहिल्या मोसमातल्यासारखा ताजा.

तिने शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला. मी एवढी वर्षं विचारायचं राहिलेलं ते विचारलं.

"तुला कसं जमतं गं?"

"किदें?"

"हे. असं शांत राहायला."

ती हसायला लागली. "शांत? माका? अहो, तुमी आडवे पडलात काय घोरूंक लागतात. आवयकडे झगडून लगेच दोन वाटे भात जेवतात. माका तुमचो कितलो हेवो दिसतालो! माज्या मनात उंबीलां. तुमची आवय दनपारां एक उतर बोलली काय सांजमेरेन तां चावतालां. म्हणून बसतालंय. मन शांत आसतां जाल्यार पाटार बसूक कित्याक वतलंय हांव?"

आईचा दुपारचा एक शब्द तिला संध्याकाळपर्यंत मुंगीसारखा चावायचा, म्हणून ती पाटावर बसायची; मन शांत असतं तर बसली कशाला असती? आणि हिला माझा हेवा! घोरण्याचा!

"आणि तिथे..." मी पाटाकडे बोट केलं. "तिथे मी असायचो? तू बसायचीस तेव्हा?"

तिने विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून केला असावा.

"पयल्या फुलांनी तुमीच. तुमची हाक, तुमचो रेडिओ, तुमचेर राग. तो येवंदी म्हणून बसतालंय, माज्या आवयन शिकयल्लां तसां. मागीर तुमी नासतालात."

"मी नसायचो, तर मग कोण?"

"कोण ना. हांव लेगीत ना."

मीसुद्धा नाही, असं ती म्हणाली. बाबलच्या आकडीने कुठेतरी फांदी सोडली, ती वर गेली, फुलं झडली. मी जिचा एवढी वर्षं हेवा करत होतो ती तिथे नसायचीच. त्या खोलीत कुणीच नव्हतं, आणि मी दारात उभा राहून जागा मागत होतो.

"शालन," मी म्हणालो, "वाटेवर वास आला तेव्हा मुद्दाम नाही सांगितलं."

"कळलां माका."

"कधी?"

"काच वयर केलात तेन्ना. तुमी इतले बेगीन आयकूपी न्हय." मी इतक्या पटकन ऐकणारा नव्हे. लग्नाची एवढी वर्षं तिने माझ्या शेजारी फुकट काढली नव्हती.

मग तिने तो वळेसर पानावरून उचलला, दोन्ही हातांत धरला आणि माझ्यापुढे केला.

"घेवा."

"देवाचा आहे."

"जाणा हांव. घेवा वास. आनी माका सांगा कसो आसा."

"ताये!" बाबल झाडाखालून ओरडला. "देवाचो गेलो मगे!"

"वचूंदी," ती म्हणाली. "देवाक फाल्यां."

जाऊ दे, देवाला उद्या. मी वळेसर नाकाशी नेला. आयुष्यभर चोरून घेतलेला वास पहिल्यांदा कुणी हातात दिला होता. गोड आहे म्हणालो. ती वाट बघत राहिली. गोड तर गूळही असतो.

"तुझ्या आईच्या लुगड्यासारखा," मी म्हणालो. "ते झाडाखाली पसरलेलं असायचं, दवाने भिजलेलं, तसा. मग मधासारखा, पण मध ऊन लागून पातळ झालेला. त्यात थोडा बसचा आहे. सीटच्या रेक्झिनचा आणि ओल्या पानाचा. मी पुडी खिशात घालायचो ना, त्या खिशाचा आहे. शर्ट धुवायला टाकला तरी जायचा नाही. आणि पहिल्या वर्षी आपल्या उशीला लागला होता, तू अभ्रा बदलला नव्हतास, तो..."

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते. कपाळावरची आठी गेली होती, ओठ सैल झाले होते. तोच चेहरा होता, दुपारच्या विहिरीतल्या पाण्याचा, आणि त्या पाण्यावर माझा आवाज पडत होता.

मी थांबलो.

"रावू नकात, सांगा," ती डोळे न उघडता म्हणाली.